प्रस्तावना: मध्ये संस्था कशाला?

मूल दत्तक घ्यायचं मनात आहे, असं यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या जोडप्यानं चारचौघांत बोलून दाखवलं, की पहिला सल्ला बहुधा ओळखीपाळखीचा असतो. कुणाची मावसबहीण दवाखान्यात नर्स असते, कुणाला झरीकडच्या एखाद्या पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, गोष्ट ठाऊक असते, कुणी म्हणतं वकिलाकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, काम झालं. सरकारी वाटेचं नाव निघालं की मात्र चेहरे पडतात. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रं, घर बघायला येणारी अनोळखी माणसं, वर्षानुवर्षांची वाट. एका मुलाला घर हवं आहे, एका घराला मूल हवं आहे, मग मध्ये संस्था कशाला, हा प्रश्न यातूनच उभा राहतो आणि तो सरळमार्गी माणसांनाही पडतो. पालक होऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या आरंभीच त्याला सामोरं जावं, असं मला वाटतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला नेमकं काय हवं आहे हे ठरवणारं आणि ते मिळाल्यावर टिकवून धरणारं, संस्थेखेरीज दुसरं कुणी या व्यवहारात नसतं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे अधिकच खरं आहे, कारण इथल्या बहुतेक गरजू मुलांना दत्तक आईबाप नकोच आहेत. त्यांची गरज निराळी आहे.

ती गरज समजण्यासाठी जिल्ह्याकडे पाहावं लागेल. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या आणि त्यातली जवळपास चार-पंचमांश खेड्यांत. पीक कपाशी आणि सोयाबीनचं, तेही बरंचसं कोरडवाहू. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला की महाराष्ट्र त्या तारखेपासून मोजायला सुरुवात करतो. त्या घरात मागे कुणीच उरलं नाही. पुढच्या चार दशकांत मात्र जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कर्ता गेला आणि बायको-मुलं उरली. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही तेच झालं. आत्महत्येचं प्रकरण 'पात्र' ठरलं तर बाईच्या हाती एक लाख रुपये येतात, 'अपात्र' ठरलं तर काहीच नाही. देणं तसंच राहतं. ती पावसाळ्यात निंदणाला जाते, दिवाळीपुढे वेचणीला. धाकटं अंगणवाडीत, मधली आजीकडे, थोरला आश्रमशाळेत किंवा मामाच्या गावी, अशी घराची वाटणी होते. या मुलांना आपण सहज 'अनाथ' म्हणून मोकळे होतो. पण त्यांना आई आहे, बहुधा आजी आहे, गावात शाळा आहे, ओळखीची माणसं आहेत. कायद्याच्या लेखी ती दत्तक देण्याजोगी नाहीत आणि असूही नयेत. त्यांच्या आईपाशी एक गोष्ट कमी आहे, ती म्हणजे महिन्याचा भरवशाचा पैसा.

१५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या बाल न्याय अधिनियमानं, म्हणजे २०१५ च्या कायद्यानं, उपायांचा क्रम लावून दिला आहे. मूल शक्य तोवर स्वतःच्या घरात राहावं. ते जमत नसेल तर नात्यातल्या घरी. तेही नसेल तर काही काळासाठी दुसऱ्या, म्हणजे प्रतिपालक, कुटुंबात. परतीची वाट कायमची बंद असेल तर दत्तक. आणि बालगृह सगळ्यांत शेवटी. पहिल्या पायरीवरच्या घरांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं ओळखली जाते. तिची रक्कम पूर्वी महिन्याला अकराशे रुपये होती, ती वाढून २,२५० झाली आणि मुलाच्या घरी भेटी देऊन पाठपुरावा करणाऱ्या संस्थेसाठी आणखी २५० ठेवले गेले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वासाठी आणि प्रतिपालक कुटुंबासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. या आकड्यांकडे दत्तकेच्छू जोडप्यानंही लक्ष द्यावं. महिन्याला दोन-अडीच हजारांच्या आधारावर जे मूल आईपाशी राहू शकतं, ते स्टॅम्पपेपरवर सही करून दूरच्या शहरात नेणं हा परोपकार कसा ठरेल? गरिबीमुळे मूल देऊ पाहणारी आई आणि खरोखरच मूल सांभाळू न शकणारी आई यांतला फरक ओळखायला कुणीतरी त्या घरी जावं लागतं, चौकशी करावी लागते, पर्याय पुढे ठेवावे लागतात. मूल घ्यायला आतुर असलेलं जोडपं ते करू शकत नाही. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण तो ठरलेला असतो.

हा विचार परदेशातून आला, असं कुणाला वाटेल तर आपलाच इतिहास आठवावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हवं तर मूल घेऊन जावं, नाहीतर तिथेच ठेवावं, अशी ती सोय होती. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा त्या आश्रयाला आली आणि तिचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला. दत्तकाची ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे, पण तिच्यातला क्रम सहसा कुणी ध्यानात घेत नाही. फुल्यांनी आधी आईला आसरा दिला आणि दत्तक त्यानंतर आलं. वारस हवा म्हणून त्यांनी मूल शोधलं नव्हतं. अडलेल्या बाईसाठी दार उघडलं, त्या दारातून मूल आलं. त्याच शतकात वऱ्हाडाशेजारी नागपूरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं ते औरस वारस नाही या सबबीवर. दत्तक म्हणजे गादीला, वतनाला, पिंडदानाला माणूस, हाच त्या काळचा सर्वमान्य अर्थ होता. फुल्यांनी तो उलटा करून मुलाची आणि आईची गरज पुढे आणली. आजचा कायदा याच बाजूचा आहे.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी-जामणी आणि आसपासच्या तालुक्यांत, काशीबाईचा प्रश्न अजून जिवंत आहे. बाहेरून आलेल्या पुरुषांनी आदिवासी, विशेषतः कोलाम मुलींना लग्नाच्या आमिषानं फसवायचं आणि दिवस गेल्यावर पाठ फिरवायची, हे प्रकार तिथे वर्षानुवर्षं होत आले. 'कुमारी माता' हा शब्द वर्तमानपत्रांतून सगळ्या महाराष्ट्राच्या कानांवर गेला तो इथूनच. त्यातल्या कितीतरी जणी आपलं मूल स्वतः वाढवतात, आणि त्यांना हवी असते ती मदत पैशाची, कायद्याची, मुलाच्या दाखल्यांची. जिला खरंच मूल वाढवणं शक्य नाही, तिच्यासाठी कायद्यात वाट आहे. ती बाल कल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करू शकते, तिचं नाव गुप्त राहतं, आणि फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. ते संपेपर्यंत मूल दत्तकासाठी मोकळं होत नाही. टाकून दिलेलं मूल सापडलं तर त्याच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो. दोन वर्षांखालच्या मुलासाठी दोन महिन्यांत आणि मोठ्यासाठी चार महिन्यांत तो पुरा करून समिती निर्णय देते. घाईला आलेल्या जोडप्याला हे महिने फुकट गेल्यासारखे वाटतात. पण ते त्या आईचे महिने असतात. दवाखान्यातून परस्पर मूल उचललं की तिचा हा वेळ हिरावला जातो आणि उद्या मुलानं मुळाचा शोध घ्यायचा म्हटलं तरी कागदावर काही सापडत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडची दुसरी लाट चालू असताना, 'आईवडील गेले, दोन तान्ह्या मुली आहेत, संपर्क साधा' अशा धाटणीचे संदेश घरोघरच्या फोनवर फिरत होते. ते पुढे पाठवणाऱ्यांची मनं द्रवली होती, यात शंका नाही. पण मुलांच्या व्यापाराला याहून सोयीची वेळ कुठली असते? विधिवत मार्गाबाहेर मूल देणं-घेणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि विक्रीत दवाखान्यातल्या कुणाचा हात असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

आता घर बघायला येणाऱ्या अनोळखी माणसांविषयी. ज्यांना आपसूक मूल होतं त्यांची कोण परीक्षा घेतं, मग आमचीच का, ही तक्रार मनाला लागते आणि ती खोटीही नाही. पण गृह अध्ययनाच्या भेटीत प्रत्यक्षात काय होतं ते जवळून पाहिलं की तिचा सूर बदलतो. उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी, वैद्यकीय प्रमाणपत्र हे कागद आधीच पोहोचलेले असतात. सामाजिक कार्यकर्ती येते ती बोलायला. नवरा-बायकोशी एकत्र बोलते, मग वेगवेगळं. मूल न होण्याचं दुःख दोघांच्या मनात कुठवर निवलं आहे, हे ती चाचपते. आजीला विचारते, देवघरात, सणावाराला, जेवणाच्या पंगतीत या मुलाचं स्थान काय असेल. शेतावर दोघंही जात असतील तर वेचणीच्या दिवसांत मूल कुणापाशी राहील? ते रात्री अंथरूण ओलं करत असेल, तुमच्याहून सावळं असेल, शाळेत मागं पडलं तर? शेजारीण 'हे कुणाचं?' म्हणाली तर काय सांगाल? यातल्या एकाही प्रश्नाचं छापील उत्तर नाही. पण ते मूल आल्यावर पहिल्यांदा ऐकायचे की आधी, एवढाच काय तो पर्याय असतो. चांगली कार्यकर्ती जोडप्याला नापास करायला आलेली नसते. पुढे जे अंगावर येणार आहे त्याची त्यांच्याकडून तयारी करून घ्यायला आलेली असते. ज्या घरात हे बोलणं मनापासून होतं, तिथे अर्धं पालकत्व त्या बैठकीतच सुरू होतं.

वाट पाहण्याचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. देशभरात तीस हजारांहून अधिक इच्छुक पालक प्रतीक्षेत आहेत आणि वर्षाकाठी होणारी दत्तकं साडेचार हजारांच्या आत-बाहेर आहेत. तान्ह्या, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. याचा दोष लालफितीला देणं सोपं आहे, आणि काही ठिकाणी तो खराही असेल. पण मूळ कारण निराळं आहे. रांग लागली आहे ती दोन वर्षांच्या आतल्या, धडधाकट बाळासाठी. त्याच वेळी सहा-आठ वर्षांची मुलं, भावंडांच्या जोड्या आणि अपंगत्व असलेली मुलं संस्थांत मोठी होत राहतात. नियमांत वयाची मर्यादा याच दृष्टीनं आखली आहे. पती-पत्नींच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं मूल मिळू शकतं. शंभरपर्यंत असेल तर चार ते आठ वर्षांचं. पन्नाशीला टेकलेल्या जोडप्याला यात अन्याय दिसतो, मुलाच्या बाजूनं पाहिलं तर विशीत त्याला सत्तरीचे आईबाप नसावेत एवढंच त्यात आहे. ज्यांना कुणीच नेत नाही त्यांचं काय होतं, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला दिसतं. शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस, अपंग मुलांना आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांच्या एका दृष्टिहीन लेकीनं लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, हा त्यांचा जुना आग्रह आहे. समाजानं नाकारलेल्या मुलांना एका संस्थेनं आयुष्यभराचं घर दिलं, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण रांगेतल्या तीस हजार घरांनी तिच्याकडे पाहून स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: अशा मुलांसाठी आपल्या घरात जागा आहे का?

त्या प्रश्नाचं एक उत्तर प्रतिपालकत्व आहे, म्हणजे जन्मदात्यांचा हक्क न पुसता काही काळासाठी मूल आपल्या घरी वाढवणं. आई दीर्घ आजारात असेल, बाप तुरुंगात असेल, नात्यात कुणी धड नसेल, तर सहा वर्षांपुढच्या मुलासाठी प्रामुख्यानं हा मार्ग आहे. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही ही वाट खुली केली, आणि दोन वर्षं मूल सांभाळल्यावर, ते कायद्यानं मोकळं असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: जीव लावायचा आणि परत द्यायचं? पण माहेरवाशिणींच्या आणि भाचरांच्या या मुलखात दुसऱ्याचं मूल चार वर्षं वाढवून पुन्हा पोचतं करणं नवीन नाही. नवीन आहे ते नात्याबाहेर करणं. दुसरा: लोक चार हजारांसाठी मूल ठेवतील. ठेवतीलही काही जण, म्हणून तर समितीचा आदेश, घरभेटी आणि मुलाशी स्वतंत्र बोलणं आवश्यक केलं आहे; हा धोका संस्था काढून टाकल्यानं वाढतो, कमी होत नाही. तिसरा आक्षेप सहसा तोंडानं निघत नाही, तो वागण्यात दिसतो: आश्रमशाळा आहे, वसतिगृह आहे, मूल जेवतं-शिकतं, मग कुटुंब कशाला? रुमानियात २००१ च्या सुमारास संशोधकांनी अनाथालयातल्या १३६ लहान मुलांचे दोन गट पाडले. एक गट प्रशिक्षित कुटुंबांत ठेवला, दुसरा होता त्याच व्यवस्थेत राहिला. कुटुंबातल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसाशी जवळीक साधण्याची ताकद स्पष्टपणे अधिक वाढली, आणि जी दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांचा फायदा सर्वांत मोठा होता. आश्रमशाळेनं जिल्ह्यातल्या पिढ्या शिकवल्या, तिचं महत्त्व वादातीत आहे. पण सुटीत परत जायला घर असलेल्या मुलासाठी ती शाळा असते. ज्याला ते नाही त्याच्यासाठी ती पुरी पडत नाही.

नात्यातल्या दत्तकाचा मुद्दा उरतो. मावशीनं, काकानं मूल घेतलं तर संस्था का? कायदाही इथे हात आखडता घेतोच. हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी १९५६ चा दत्तक कायदा अजून चालू आहे, आणि बाल न्याय कायद्यातही नातेवाइकांच्या दत्तकाची सोपी तरतूद आहे. तीत धर्माची अट नाही. पुसद, दिग्रस, दारव्ह्यातल्या मुस्लिम कुटुंबांनाही हा कायदा खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं. पण नात्यातलं मूलसुद्धा कागदाविना घेतलं की दहावीच्या अर्जावर बापाचं नाव कुठलं, जातीचा दाखला कुणाच्या घराण्याचा, शेतीच्या वाटणीत हिस्सा काय, हे प्रश्न पंधरा वर्षांनी उभे राहतात, आणि तेव्हा त्यांची किंमत मूल मोजतं. रक्ताचं नाही, कुळ माहीत नाही, असं म्हणणाऱ्यांनाही हेच सांगता येईल: मुलाला कुळापेक्षा हक्क लागतात, आणि हक्क तोंडी देता येत नाहीत. दत्तक आदेश झाला की ते औरस मुलाइतकंच वारस होतं. २०२१ च्या दुरुस्तीनं तो आदेश देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवला, त्यामागेही हा दस्तऐवज लवकर हाती पडावा हाच हेतू होता.

आदेश हाती आल्यावर संस्थेचं काम संपत नाही. खरं तर तेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते. सात-आठ वर्षांचं मूल नव्या घरी आलं की पहिले काही आठवडे अतिशय शहाण्यासारखं वागतं. मग उशीखाली भाकरीचे तुकडे सापडतात, दप्तरात साखर सापडते, एखाद्या दिवशी ते नवी वही फाडून टाकतं आणि 'मला परत पाठवा' म्हणतं. चोरटं आहे, वळणच वाईट, असा निवाडा घरातलं कुणीतरी ताबडतोब देतं. ज्यानं भूक आणि माणसांचं सोडून जाणं पाहिलं आहे, ते मूल उद्याची भाकरी राखून ठेवतं आणि आपल्याला कितपत सहन करतात हे ताणून बघतं, एवढं समजावून सांगणारं माणूस त्या दिवशी फोनवर मिळालं, तर घर सावरतं. ते न मिळाल्यामुळे मुलं संस्थेत परत येतात, आणि दुसऱ्यांदा परत आलेल्या मुलाची जखम पहिल्याहून खोल असते. म्हणूनच नियमांनी दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी भेट बंधनकारक केली आहे. तू दत्तक आहेस हे मुलाला केव्हा आणि कसं सांगायचं, यासाठीही पालकांना सोबत लागते. सांगायचं की नाही, हा प्रश्न मात्र उरत नाही, कारण गावात ते कुणीतरी सांगतंच.

या सगळ्यावर शेवटी एक रास्त शंका येते: संस्था अशा असतात का? उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. बाल संरक्षण कक्षातल्या मोजक्या माणसांवर सोळा तालुके आहेत. बालसंगोपनाचे हप्ते थकतात, भेटी कागदावरच होतात. ही टीका मला मान्य आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. दवाखान्यात डॉक्टर कमी आहेत म्हणून कुणी भोंदूकडे जा म्हणत नाही, डॉक्टर वाढवा म्हणतो. तालुक्याच्या ठिकाणी कार्यकर्ती, वेळेवर पैसा, प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांची यादी आणि दत्तकानंतरच्या समुपदेशनाची हमी, या मागण्या ग्रामसभेपासून जिल्हा नियोजनाच्या बैठकीपर्यंत मांडल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या मांडण्यात पालकांनी पुढे असलं पाहिजे. ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांच्याइतकं तिचे खड्डे कुणाला माहीत असणार? वाचकानं हे पुस्तक हाती घेतलं आहे ते कदाचित मूल हवं म्हणून. ते वाचताना त्यानं जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा जावं, आणि 'मला मूल मिळेल का' याच्या जोडीला 'माझ्या घरासारख्या घराची कुणाला गरज आहे' हेही विचारावं. उत्तर दत्तक असेल, प्रतिपालकत्व असेल, किंवा शेजारच्या विधवेच्या मुलासाठी बालसंगोपनाचा अर्ज भरून देणं एवढंच असेल. तिन्ही उत्तरं ऐकायची तयारी ज्याची झाली, तो पालक व्हायला लायक आहे, आणि ती तयारी करून घेण्यासाठीच मध्ये संस्था हवी.